लताच्या पाठीमागचा टेकू

पिंपळगाव रेणुकाईत मिरचीचा हंगाम सुरू झाल्याचं डोळ्यांच्या आधी घशाला कळतं. लाल मिरची नाकातून जाते, दोन शिंका येतात आणि माणूस मोकळा होतो. हिरव्या मिरचीचं तसं नाही. गोण्यांत दाबून भरलेली, टेम्पोत चेंगरलेली, उन्हात घामेजलेली ही मिरची घशात जाऊन बसते आणि दिवसभर तिथून हलत नाही. आज सकाळी अंगणात तोंड धुताना ती मला लागली. बाजाराच्या रस्त्यानं पहिले टेम्पो येऊन गेले असणार. मी चूळ भरली, पुन्हा भरली, आणि तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो.

पूर्वी या वासानं मला बरं वाटायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा ओस पडलेली असायची, माझ्यासारख्या मास्तरला काही काम नसायचं आणि गाव मात्र ऐन भरात असायचं. चौकात गोण्यांच्या थप्प्या, परमुलखातून आलेले व्यापारी, मापाड्यांचा आरडाओरडा, उभ्या उभ्या चहा पिणारी माणसं. तोडणीवरून परतलेल्या बाया ओट्यावर बसून आग होणारी बोटं ताकात बुडवायच्या. त्यातल्या निम्म्या संध्याकाळी आमच्याकडं यायच्या. माझी बायको लता ब्लाउज शिवायची, आणि मिरचीचा हंगाम हा तिचाही हंगाम असायचा. ओसरीवर शिलाई मशीन, भोवती बाया, मधोमध कापडाच्या चिंध्या. एखादीच्या पाठीवर टेप लावून लता म्हणायची, "सरळ उभी राह्य ना गं. वाकून राह्यली तर पाठीत चोळ येईल, कापड गोळा व्हईल, मंग मलाच बोलशील." मी आत भूगोलाचं पुस्तक उघडून बसलेला असायचो आणि कान सगळे बाहेर.

अशाच एका हंगामात तिच्या हातातून कात्री पडली. पहिल्यांदा पडली तेव्हा आम्ही हसलो. मग रोज पडायला लागली. मग सुईत दोरा ओवताना बोटं एकमेकांना सापडेनाशी झाली. "मिरची तोडून बायांचे हात बधिर होतेत," ती म्हणाली, "अन् म्या तर मिरचीला हात बी न्हाई लावला." जेवताना भाकरीचा तुकडा मोडायला तिला दोन्ही हात लागायला लागले, तेव्हा मी हसायचं थांबलो.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. ते वयानं लहान होते, पण बोलताना घाई करत नव्हते. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा हळूहळू वाळत जातात, असं त्यांनी समजावून सांगितलं. आधी हात, मग पाय, मान, जीभ, श्वास. कुणाचा क्रम वेगळा असतो, कुणाचा वेग वेगळा असतो. औषधानं ते थांबत नाही. व्यायामानं सांधे आखडत नाहीत, एवढंच. लता सगळं लक्ष देऊन ऐकत होती. त्यांचं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "मंग शिवायला कवा बसू मी?" डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसलो.

व्यायामासाठी जालन्याला जायचं ठरलं, आठवड्यातून दोनदा. पिंपळगावाहून भोकरदन, तिथून केदारखेडा, राजूर आणि पुढं जालना. बसची पायरी उंच. पहिल्याच दिवशी मागच्या दोन बायांनी काखेत हात घालून तिला वर ओढलं. त्यांनी चांगल्या मनानंच केलं. पण घरी आल्यावर लता भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "पोत्यावानी चढवलं मला. आता बस नको." आमची मुलगी प्रिया पुण्याला असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, कार सांगत जा ना एखादी." कारही करून पाहिली. बंद गाडीत लताचा जीव घाबरा व्हायचा. काचा खाली केल्या तरी ती दार धरून म्हणायची, "हवा येऊन न्हाई राह्यली." हवा येत होती. तिच्या छातीला ती ओढून घेता येत नव्हती, हे मला फार नंतर कळलं.

मोटारसायकलवर मात्र तिला बरं वाटायचं. वारा आपणहून तोंडावर यायचा. लग्न झाल्यापासून ती माझ्या मागं बसत आली होती, एका बाजूला दोन्ही पाय सोडून, उजवा हात माझ्या खांद्यावर. त्या हाताचं वजन माझ्या इतक्या सवयीचं होतं की ते मला कधी जाणवलंच नव्हतं. केदारखेड्याच्या पुलाअलीकडं एक गतिरोधक आहे. त्यावरून चाक उतरलं आणि खांदा एकदम हलका झाला. मी ब्रेक दाबला, मागं वळलो. लता रस्त्याच्या कडेला मातीत बसली होती, जणू कुणी तिला अलगद उतरवून ठेवलं होतं. कोपर खरचटलं होतं, एक चप्पल लांब पडली होती. केदारखेडा तिचं माहेर. शेतातून कुणीतरी ओळखीचं पळत आलं. ती त्याच्याकडं पाहून हसली आणि मला हळूच म्हणाली, "हात तिथंच व्हता हो. फक्त धरल्या गेलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी भोकरदनला सलीमभाईंच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, आत वेल्डिंगची निळी ठिणगी आणि बाहेर अर्ध्या उघडलेल्या गाड्या. मागच्या सीटला टेकायला काहीतरी करून द्या, म्हणालो. तरुण पोरं अशा बॅकरेस्ट हौसेनं लावतात, चकचकीत, मागं उंच. सलीमभाईंनी तसलीच एक काढून दाखवली. मी बायकोची अवस्था सांगितली. त्यांनी ती परत ठेवली. "मंग सर, हे शोचं काम न्हाई. बिलकुल पक्कं पाहिजे." मागच्या कॅरिअरला दोन पाइप, पाइपात पाइप, म्हणजे उंची कमी-जास्त करता येईल. त्यावर फळी, फळीवर फोम आणि काळं रेक्झिन. फळीच्या मागं खाचांची पट्टी होती. नट ढिला करायचा, खाच बदलायची, पुन्हा आवळायचा. खाचेगणिक पाठ थोडी मागं जायची. सलीमभाईंनी घाम पुसत गाडी माझ्या ताब्यात दिली आणि म्हणाले, "भाभींना सांगा, आता बेफिकीर बसा."

टेकू लागला खरा, पण टेकायचं तर सरळ बसायला हवं होतं. म्हणजे दोन्हीकडं पाय टाकून. साडीत ते जमेना. प्रियाचा एक जुना पंजाबी ड्रेस कपाटात होता, तो लतानं घातला. तिला तशी मी कधी पाहिली नव्हती. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "लोक म्हणत्याल, मास्तरीणबाई म्हातारपणी शहराच्या झाल्या." मग ओढणी डोक्यावरून घेतली. मी तिला उचलून सीटवर बसवलं. तिची पाठ टेकूला लागली आणि तिच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला. दिवसभर उभं राहून स्वयंपाक केल्यावर पाटावर बसताना बाया काढतात, तसा.

पण सलीमभाईंचा अंदाज चुकला होता. फळी फार ताठ बसली होती. भोकरदन ओलांडेपर्यंत ती कळ काढत बसली. राजूर जवळ आलं तसं माझ्या पाठीवर तिचं कपाळ टेकलं. "थांबवा जरा." मी लिंबाखाली गाडी लावली. "वर्गात अंगठे धरून उभं करता ना तुम्ही पोरांला, तसं वाटून राह्यलं." टेकू तिला मागून पुढं ढकलत होता, ती माझ्या पाठीवर आपटू नये म्हणून पोटातून जोर लावत होती, आणि तो जोर आता तिच्याकडं नव्हता. डिकीत पाना होता. मी एक खाच मागं घेतली. ती टेकली. "अजून." अजून एक घेतली. आता मान मागं लटकायला लागली. मी पुन्हा पुढं घेतलं, उंची दोन बोटं वाढवली, माझा रुमाल घडी करून तिच्या कमरेमागं ठेवला. राजूरच्या गणपतीला निघालेले लोक आमच्याकडं बघत जात होते. एका बाईंनी थांबून विचारलं, "गाडी बंद पडली का हो?" लता म्हणाली, "गाडी न्हाई बाई, मी."

ती बाई कसनुशी हसून गेली. आम्ही दोघं मात्र त्या लिंबाखाली खूप हसलो. त्या वर्षी एवढं हसल्याचं पुन्हा आठवत नाही.

त्यानंतर ते माझं कामच झालं. निघायच्या आधी अंगणात गाडी स्टँडवर लावून तिला बसवायचं, मागून पाहायचं, बाजूनं पाहायचं. कंबर आणि फळीच्या मध्ये पोकळी राहिली की तिथून दुखायला लागतं. फळीची वरची कड खांद्याच्या पात्यांच्या खाली आली तर खुपते, वर आली तर मान पुढं येते. फोम मऊ जास्त झाला तर खड्ड्यात पाठ दबून हाडाला पाइप लागतो. लतानं तिच्या शिवणाच्या पेटीतून जुन्या साड्यांच्या घड्या काढायला लावल्या आणि कुठं किती ठेवायची ते मला सांगितलं. "तिथं न्हाई, जरा खाली. कमरेत चोळ पडून राह्यली." आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या पाठी अशाच बघत आली होती. आता ती डोळे मिटून स्वतःच्या पाठीला विचारायची आणि मला उत्तर द्यायची.

एक दिवस सगळं जमलं. श्रावण असावा. पाऊस होऊन गेला होता, मकेचं रान अंगावर येईल इतकं वाढलं होतं, रस्ता ओला आणि रिकामा. व्यायाम करून जालन्याहून परतत होतो. बराच वेळ मागून काही आवाज नाही, हालचाल नाही. मला धास्ती वाटली. आरशात पाहिलं तर लता झोपली होती. तोंड किंचित उघडं, ओढणी मागं उडालेली, मान टेकूवर बांधलेल्या घडीच्या उशीत नीट बसलेली. मी गाडी सायकलसारखी हळू चालवायला लागलो. मागून येणारे हॉर्न वाजवत पुढं जात होते. केदारखेड्याच्या पुलावरून नदीचं गढूळ पाणी दिसलं, गतिरोधक मी पायानं चालत ओलांडावा तसा ओलांडला, भोकरदन आलं, गेलं. ती पिंपळगावच्या वेशीत जागी झाली. "आलं का घर?" म्हणाली. "लई बरं वाटलं आज. हेच राहू द्या. याला आता हात लावू नका."

मी हात लावला नाही. पण पुढच्या पंधरवड्यात तोच टेकू तिला खुपायला लागला. फळी तिथंच होती, नट आवळलेले होते, घड्या होत्या तशाच होत्या. तिची पाठ बदलली होती. कालपर्यंत तिला सावरणारे स्नायू आज नव्हते. मी पुन्हा पाना काढला. पुन्हा जमवलं. पुन्हा बिघडलं. प्रत्येक वेळी जमायला जास्त वेळ लागायचा आणि जमलेलं कमी दिवस टिकायचं. मी शाळेत पोरांना नदीचं पात्र कसं सरकतं ते शिकवायचो आणि मध्येच गप्प व्हायचो. पोरं माझ्याकडं बघत राहायची.

एका बाजूला झुकते म्हणून सलीमभाईंनी टेकूला दोन्हीकडं कान लावून दिले. डोक्याचं वजन मानेला पेलेना म्हणून मानेमागं पट्टा आला. मग तिच्या छातीभोवती ओढणी गुंडाळून ती माझ्या कमरेला बांधायला लागलो. पुढच्या खेपेला मी सलीमभाईंना विचारलं, पायांसाठी काही करता येईल का, पाय पायदानावरून सुटतात. त्यांनी वाकून बराच वेळ गाडीकडं पाहिलं. लता गाडीवरच बसलेली होती, शेडच्या सावलीत. ते मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "सर, मी लावून देतो. तुम्ही म्हणाल ते लावतो. पण गाडीचं काम संपलं आता." मला त्यांचा राग आला. त्यांनी पायांना पट्टे लावून दिले, बराबर लावले, आणि जाताना लताला म्हणाले, "भाभी, सलाम." तिनं मान हलवायचा प्रयत्न केला. मान हलली नाही, डोळे हलले.

उन्हाळ्यात सुरू झालेला मिरचीचा हंगाम तेव्हा कुठं संपत आला होता. एकदा चौकातून जाताना शेवटच्या गोण्या भरून चालल्या होत्या, रस्त्यावर चिरडलेल्या मिरचीचा खच. ठसका उठला. मी खोकलो, शेजारचा मापाडी खोकला, चहावाला खोकला. लताला खोकायचं होतं आणि येत नव्हतं. माझ्या पाठीला तिच्या छातीची धडपड कळत होती. पोट आत ओढलं जायचं, थरथरायचं आणि तिथंच अडायचं. मी गाडी थांबवून, जालन्याला तिचा व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी शिकवलं होतं तसं तिच्या पोटावर दोन्ही हात ठेवून दाब दिला. भर चौकात. लोक सरकले, काहींनी तोंड फिरवलं. खोकला आला एकदाचा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मिरचीचं की कशाचं ते मी विचारलं नाही.

जालन्याच्या मॅडमनी दिवाळीच्या आसपास मला बाहेर बोलावलं. चांगली पोरगी होती, प्रियाच्या वयाची. "सर, आता त्यांना आणू नका. प्रवासात जितकं बळ जातंय, तितकं मी परत देऊ शकत नाही." मी म्हणालो, "टेकू अजून थोडा मागं घेता येईल. अजून एक खाच शिल्लक आहे." आत जाऊन त्यांनी लताच्या बोटांची एकेक करून मालिश केली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

घरी आल्यावर लता दोन दिवस भिंतीकडं बघत पडून होती. बोलणं तेव्हा अवघडच झालं होतं, शब्द ओले होऊन बाहेर पडायचे, पण मला कळायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "केदारखेड्याला न्या. मायला भेटायचं." मी म्हणालो, मायलाच इकडं आणतो. ती म्हणाली, "न्हाई. मी जाते. गाडीवर."

शेजारच्या बाईनं ओढणी बांधायला मदत केली. कापूस वेचणीला आला होता, दोन्हीकडं रानं पांढरी. शेवटची खाच मी त्या दिवशी वापरली. ती जवळजवळ आडवी झाली होती, तोंड आभाळाकडं. गाडी मी चालवत होतो का ढकलत होतो ते सांगता येणार नाही. कपडे धुणाऱ्या बायांचा आवाज आला तेव्हा पूल आला हे कळलं. पुलापलीकडं तिच्या माहेरची घरं दिसतात. मी सकाळीच फोन करून ठेवला होता. तिची म्हातारी माय ओट्यावर येऊन बसलेली असणार, लेकीसाठी काहीतरी करून.

लतानं मागून आवाज काढला. थांबलो. ती बराच वेळ डोळे खाली वळवून पलीकडं बघत राहिली. वाऱ्यानं ओढणीची गाठ फडफडत होती. मग म्हणाली, "परत चला."

"अगं, आलोच की. ते काय घर दिसून राह्यलं."

"असं बांधलेलं बघंल माय मला," ती म्हणाली. "परत चला हो."

पूल अरुंद आहे. गाडी वळवायला मला खाली उतरावं लागलं, आणि उतरायचं तर आमच्या दोघांमधली गाठ सोडावी लागली. ती सोडताना, पुन्हा बांधताना, वाहनं आमच्या बाजूनं जात होती आणि मी म्हणत होतो, झालं, झालंच. माय दुसऱ्या दिवशी स्वतःच बसनं आली. तिनं लेकीला पलंगावर पाहिलं. काल का आलो नाही, हे तिनं विचारलं नाही. पलंगाशी बसून लेकीचे केस विंचरले.

त्यानंतर लता गाडीवर बसली नाही. आता ती पलंगावर असते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली मी विटा ठेवल्या आहेत, पाठीमागं उशा. शेजारची बाई दिवसा येते, शाळा सुटल्यावर मी. तिचं बोलणं गेलं आहे. डोळे आहेत. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. एवढ्यावर आमचा संसार चालतो. पाणी हवं का, कूस बदलायची का, प्रियाचा फोन लावू का. तिच्या मनात याहून कितीतरी जास्त असणार, पण त्याला मी प्रश्न बनवू शकत नाही, आणि मी विचारलं नाही तर तिला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात एक माणूस घर विचारत आला. विष्णू नाव, राजूरकडचा, तिशीतला. सलीमभाईंनी पाठवलं म्हणाला. त्याच्या आईच्या किडन्या गेल्या आहेत, डायलिसिसला जालन्याला न्यावं लागतं आणि परतीला ती गाडीवर मागं लवंडते. आई सोबतच होती. बारीक, काळीसावळी, हातावर पट्ट्या, डोळे मात्र चपळ. मी पलंगाजवळ जाऊन लताला विचारलं, "टेकू देऊ का त्यांला?" तिनं लगेच डोळे मिटले. हो.

गंजलेले नट सोडवायला वेळ लागला. टेकू विष्णूच्या गाडीला बसवला आणि म्हातारीला म्हटलं, "बसा माय." ती बसली. मी मागून पाहिलं, बाजूनं पाहिलं. उंची खाली घेतली, खाच पुढं घेतली, कमरेमागं घडी ठेवली. माझे हात आपोआप चालत होते. किती दिवसांनी माझ्या हातून काहीतरी जमत होतं. म्हातारी डोळे मिटून म्हणाली, "हां. आता बराबर. खुर्चीत बसल्यावानी झालं मास्तर." जाण्याआधी ती आत आली, लताच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावरून हात फिरवला. "लेकी, तुझ्या जागेवर बसून चालले मी," म्हणाली. "लवकर बरी व्हय. मंग तुझं तुला देऊन टाकंल." कुणी असं बोललं की मला सहन होत नाही, मी बाहेर गेलो. परत आलो तेव्हा लताच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा, हलत नसला तरी, हसल्यासारखा होता. नंतर कितीतरी दिवस मी तिला सांगायचो, आज म्हातारीचा जालन्याचा दिवस असंल. आता राजूरला पोचली असंल. आता उतरली असंल. लता ऐकत राहायची.

आज दुपारी विष्णू आला. अंगणात गाडी लावली, तेव्हाच मला दिसलं, टेकू गाडीला नव्हता. तो पोत्यात गुंडाळून पुढं टाकीवर ठेवलेला होता. विष्णूचं डोकं भादरलेलं होतं.

"माय गेली सर," तो म्हणाला. "दहावं झालं काल. जालन्याहून येतानाच गेली. मला कळलं बी न्हाई. मला वाटलं झोपली. लई आरामात टेकलेली व्हती, म्हणून मी गाडी हळूहळू आणली घरापर्यंत. दारात आल्यावर हाक मारली मंग."

तो रडत नव्हता. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "ताईची आठवण काढत व्हती नेहमी. म्हणे, तिचं तिला देऊन टाक. म्हणून आणलं." पोतं त्यानं ओट्याच्या कडेला ठेवलं, मला नमस्कार केला आणि निघून गेला. मी पोतं सोडून पाहिलं, फळी पार मागं, शेवटच्या खाचेत गेलेली होती. मीच पुढं घेऊन दिली होती. मधल्या दिवसांत त्यानंच एकेक खाच मागं नेली असणार.

मी आत आलो. लताचे डोळे दाराकडंच होते. मी तिच्या उशा नीट केल्या, ज्या नीटच होत्या. मग पलंगाच्या कडेला बसून म्हणालो, "विष्णू आल्ता. म्हातारी बरी हाये म्हणे. टेकू लई कामाला येऊन राह्यला म्हणत होता. ठेवून घेतो म्हणाला अजून. मी म्हटलं, ठेव."

पलंगापासून ओटा दहा पावलांवरही नाही, मध्ये नुसता पडदा आहे. आणि तिच्या आजारानं सगळं नेलं, कान तेवढे नेले नाहीत. हे मला बोलताना आठवलं नाही, बोलून झाल्यावर आठवलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी वाचायचा प्रयत्न केला नाही. मी खाली, माझ्या हातांकडं पाहत होतो. बोटांना गंज लागला होता.

मग वर पाहिलं. लतानं डोळे मिटले. एकदाच.